आयकिडोची सुरुवात पडण्यापासून करावी

आयकिडो ही जपानी युद्धकला शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच चित्र असते. कोणीतरी वेगाने धावून येतो, मनगट पकडतो, आणि काळा घेरदार हाकामा नेसलेला गुरू हात किंचित फिरवून त्याला दूर भिरकावून देतो. या चित्रात नवशिक्या स्वतःला नेहमी भिरकावणाऱ्याच्या जागी पाहतो. प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून निम्मा वेळ तो स्वतःच भिरकावला जाणार असतो, आणि माझ्या मते या विद्येचे तत्त्वज्ञान त्या निम्म्या वेळातच अधिक उमगते. पहिल्या सहा महिन्यांत काय करावे, कोणत्या मनोवृत्तीने करावे आणि त्यातून काय पदरात पडते, हे सांगताना या लेखाचा मोठा भाग पडण्यावर खर्च झाला आहे तो त्यामुळेच.

नाव आणि त्यामागचा माणूस

जपानी भाषेत ‘आय’ म्हणजे जुळणे, ‘की’ म्हणजे प्राण किंवा चैतन्य आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. समोरच्याच्या शक्तीशी आपली शक्ती जुळवून घेण्याचा मार्ग, असा या नावाचा सरळ अर्थ होतो. ‘आय’ याच उच्चाराचे दुसरे एक चित्राक्षर जपानीत प्रेमासाठी आहे, आणि संस्थापक मोरिहेई उएशिबा उतारवयात हा श्लेष जाणूनबुजून करत असत.

एवढ्यावरून आयकिडो ही मवाळ माणसांची सौम्य कवायत आहे असा समज होतो, म्हणून उएशिबांचे आयुष्य थोडे ठाऊक असणे बरे. त्यांचा जन्म १४ डिसेंबर १८८३ रोजी वाकायामा प्रांतातील तानाबे येथे झाला. उंची पाच फुटांहून थोडीच अधिक, पण शरीर जिद्दीने कमावलेले. होक्काइदो बेटावर वसाहत करायला गेले असताना १९१५ मध्ये त्यांची ताकेदा सोकाकु यांच्याशी गाठ पडली आणि त्यांच्याकडून ते दाइतो-र्यू शिकले. सांधे पिरगाळणे, तोल मोडणे आणि माणसाला जमिनीवर जखडणे यांत निष्णात असलेली ही कठोर लढाऊ परंपरा आहे. आयकिडोतील बहुतेक डावांचे मूळ तिच्यात सापडते. पुढे ओमोतो-क्यो या पंथाचे देगुची ओनिसाबुरो यांच्या सहवासात त्यांची धार्मिक वृत्ती पक्की झाली. १९२५ मध्ये लाकडी तलवार घेऊन आलेल्या एका नौदल अधिकाऱ्याचे सगळे वार त्यांनी प्रतिवार न करता नुसते चुकवले आणि त्यानंतर अंगणात आपल्याला एक विलक्षण आत्मानुभव आला, असे ते स्वतः सांगत. त्या अनुभवाचा अर्थ ज्याने त्याने लावावा. मला त्याच्या आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो: ज्याला मारता येत होते त्याने मारले नाही. १९४२ मध्ये टोकियो सोडून ते इबाराकी प्रांतातील इवामा गावी शेती करत राहू लागले आणि त्याच सुमारास ‘आयकिडो’ हे नाव रूढ झाले. २६ एप्रिल १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. युद्धोत्तर काळात ही विद्या सर्वसामान्यांसाठी खुली करण्याचे आणि जगभर नेण्याचे बरेचसे श्रेय त्यांचे पुत्र किश्शोमारू यांच्याकडे जाते.

उएशिबांचे एक आवडते वचन डोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या जागांमध्ये, वारंवार ऐकू येते: ‘मासाकात्सु आगात्सु’, म्हणजे खरा विजय तो स्वतःवरचा विजय. भिंतीवर टांगलेले असताना ते सुविचारासारखे वाटते. आपल्याहून अर्ध्या वजनाच्या मुलीने आपल्याला तिसऱ्यांदा आडवे केल्यावर ते निराळे वाटू लागते.

डोजो निवडताना

प्रवेश घेण्याआधी एक पूर्ण तास कडेला बसून पाहावे. जुने विद्यार्थी नवख्यांना कोणत्या वेगाने टाकतात, वेदना झाली म्हणून कोणी चटईवर दोनदा हात आपटला तर त्याला त्याच क्षणी सोडले जाते की नाही, आणि शिकवणारी व्यक्ती स्वतः कधी पडून दाखवते की नाही, या गोष्टींकडे लक्ष ठेवावे. त्या समाधानकारक असतील तर घराण्याची फारशी चिंता करू नये. आयकिकाई ही संस्थापकाच्या कुटुंबाकडे असलेली मुख्य शाखा. शियोदा गोझो यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या योशिनकानमध्ये पायऱ्यांची शिस्त अधिक काटेकोर असते. तोमिकी केन्जी यांच्या शाखेत स्पर्धा होतात, ज्या इतरत्र सहसा होत नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत या फरकांपेक्षा चटईची जाडी अधिक महत्त्वाची ठरते. फरशीवर सतरंजी अंथरून शिकवत असतील तर तिथून परत यावे.

पहिला महिना लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट पुरते. अंगठी, कडे, कानातले काढून ठेवावे. नखे कापलेली असावीत. गी, म्हणजे तो जाड सुती पांढरा पोशाख, टिकून राहणार याची खात्री पटल्यावर घ्यावा, आणि शक्य तर दोन घ्यावेत, कारण कोकणपट्टीत जुलै महिन्यात तो तीन दिवस वाळत नाही आणि ओलसर गीच्या वासाने जोडीदार तुमच्यापासून आपोआप सुरक्षित अंतर राखू लागतो.

वर्ग वाकून नमस्कार करून सुरू होतो. समोर संस्थापकांचे छायाचित्र असते, आणि हे पूजेसारखे आहे का, असा प्रश्न काहींना पडतो. आखाड्यात उतरताना पैलवान लाल माती कपाळाला लावतो, त्यातला हा भाव आहे. बसण्याची ‘सेइझा’ पद्धत म्हणजे आपले वज्रासन. तिथे मराठी माणसाला अडचण येऊ नये, गुडघे कुरकुरले तर निमूट मांडी घालावी. जोडीदारासमोर वाकताना ‘ओनेगाइशिमास’ म्हणतात. तो शब्द विनंतीचा आहे. आपण समोरच्याकडे त्याचे शरीर सरावासाठी मागत आहोत आणि आपले त्याला देत आहोत, असा तो व्यवहार आहे, आणि बाकी सगळे त्याच्यावर उभे आहे.

उकेमी: पडण्याची विद्या

सरावात दोन भूमिका असतात. जो हल्ला करतो आणि शेवटी पडतो तो ‘उके’. जो डाव करतो तो ‘नागे’. साधारणपणे चार वेळा एक टाकतो, मग चार वेळा दुसरा. ‘उके’ हा शब्द ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ स्वीकारणे असा आहे, आणि ‘उकेमी’ म्हणजे स्वीकारणारे शरीर. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. इथे पाठ टेकते, माणूस गोल फिरून उभा राहतो आणि पुन्हा हल्ला करायला वळतो. हार नावाची गोष्ट त्या क्षणाला चिकटायला वेळच मिळत नाही. कुस्ती पाहत वाढलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. माझे पहिले काही महिने पडताना चेहरा पडण्यातच गेले.

मागे पडणे आधी शिकावे. दोन्ही पाय जवळ घेऊन उभे राहावे, एक पाय मागे नेऊन गुडघ्यात दुमडावा आणि त्या बाजूच्या नितंबावर, टाचेच्या अगदी जवळ, हलकेच बसावे. टाचेपासून जितके दूर बसाल तितका दणका मोठा, कारण मधले अंतर तुम्ही बसत नाही, कोसळता. त्याच वेळी हनुवटी छातीला लावून नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवावी. नजर छताकडे गेली की मान मागे जाते आणि डोक्याचा मागचा भाग चटईवर आपटतो. पाठ डोणीच्या तळासारखी गोल ठेवून खांद्यांपर्यंत मागे जावे आणि झुलून परत यावे. पहिले दोन आठवडे एवढेच पुरे. पूर्ण उलटी कोलांटी घेण्याची घाई करू नये, आणि घेताना मानेवरून सरळ न जाता डोके एका बाजूला करून खांद्यावरून तिरपे जावे.

पुढची कोलांटी शाळेतल्या कोलांटउडीहून वेगळी असते. शाळेत आपण दोन्ही हात टेकून कण्यावरून सरळ घरंगळतो. इथे शरीरावर एक तिरपी रेघ ओढलेली असते. उजवा पाय पुढे असेल तर उजव्या हाताच्या करंगळीची कड आधी चटईला लागते, मग मनगटापासून कोपरापर्यंतची बाहेरची बाजू, मग खांद्याची मागची बाजू, तिथून पाठ तिरपी ओलांडून डावा नितंब, आणि मग माणूस उभा. हात पूर्ण ताठही नको आणि ढिलाही नको. बैलगाडीच्या चाकाच्या धावेसारखा तो वाकलेला पण भक्कम हवा. कोपर मध्येच मोडले तर खांद्याचे टोक चटईवर आदळते, आणि खांदा दुखावून घेणाऱ्या नवशिक्यांमध्ये मला हे कारण सर्वात जास्त दिसले आहे. सुरुवात एक गुडघा टेकून करावी, म्हणजे पडण्याची उंची निम्मी होते. पडताना श्वास सोडावा. श्वास रोखला की पोट आणि पाठ फळीसारखी होतात, आणि फळी घरंगळत नाही.

तिसऱ्या महिन्यात माझ्याकडून जी चूक झाली ती सांगतो, कारण ती प्रत्येकाच्या हातून होऊ पाहते. एका जलद फेकीत मी घाबरलो आणि मागे जाताना तळहात सरळ जमिनीवर टेकवला. सगळे वजन मनगटावर आले आणि तीन आठवडे मला भाकरी थापता आली नाही. हात टेकून स्वतःला सावरणे ही जन्मजात सवय आहे. ती शब्दांनी जात नाही, हळू वेगात शेकडो वेळा पडून जाते. मागे किंवा कुशीवर पडताना हात शरीरापासून पंचेचाळीस अंशांवर ठेवून पूर्ण पंजा आणि पुढचा हात एकाच वेळी चटईवर आपटावा, म्हणजे आघात पसरतो.

आता यात तत्त्वज्ञान कुठे आले, असे कोणी विचारेल. उके म्हणून उभे असताना तुम्हाला मनापासून हल्ला करायचा असतो, आणि त्या हल्ल्याचा परिणाम निमूटपणे सोसायचाही असतो. नाइलाजाने पडणे वेगळे आणि तोल गेल्याचे वेळीच ओळखून, विरोधात ताठ न होता, आपला मार्ग शोधत जमिनीकडे जाणे वेगळे. ऑफिसात आपली चूक कोणी दाखवून दिली तर पहिल्या क्षणी मान ताठ होते. ती ताठ होताना कळू लागणे हा उकेमीचा माझ्यापुरता सर्वात उपयोगी परिणाम आहे. ती ताठ होतेच, एवढे मात्र कबूल केले पाहिजे.

मनगट पकडल्यावर काय करायचे

नागेच्या भूमिकेतला पहिला सराव बहुधा ‘तेनकान’चा असतो, म्हणजे वळण्याचा. तो दिसतो क्षुल्लक, पण वीस वर्षे सराव केलेली माणसेही वर्गाच्या सुरुवातीला तोच करतात.

जोडीदाराने त्याच्या डाव्या हाताने तुमचे उजवे मनगट घट्ट पकडले आहे आणि तुमचा उजवा पाय पुढे आहे. पहिली प्रतिक्रिया ठरलेली: मूठ वळते, खांदा कानाजवळ जातो आणि हात मागे खेचला जातो. हे करून पाहावेच, म्हणजे जोडीदार ताकदवान असेल तर काहीच होत नाही हे अनुभवाने पटते. मग बोटे उघडावीत, कोपर खाली सोडावे, खांदा उतरू द्यावा. पकडलेले मनगट खिळ्याने ठोकले आहे असे समजून ते जिथे आहे तिथेच ठेवावे आणि बाकीच्या शरीराने हलावे. उजवा पाय जोडीदाराच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला किंचित सरकवून त्याच्यावरच फिरावे आणि डावा पाय मागून वळवून घ्यावा. आता दोघे खांद्याला खांदा लावून एकाच दिशेला पाहत आहात. तुमचा तळहात बेंबीसमोर, ताट धरल्यासारखा वर वळलेला आहे. जोडीदाराने मनगट अजून धरून ठेवले आहे, पण त्याचा तोल पुढे गेला आहे आणि त्याच्या पकडीला आता काही अर्थ उरलेला नाही.

ज्या दोन इंच जागेवर त्याची पकड आहे ती त्याची. तिच्यासाठी भांडत बसलात तर ताकदीचा प्रश्न येतो. पाय, कंबर, कोपर, श्वास आणि नजर हे सगळे अजून तुमचेच आहे, आणि पकडले गेल्याच्या धक्क्यात माणूस नेमके तेच विसरतो. वळल्यानंतर तुम्ही हल्लेखोराला जे दिसते तेच पाहत उभे असता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. जुळवून घेणे म्हणजे शरणागती नाही, हे वाक्य व्याख्यानात पटकन मान्य होते. पायांना मान्य व्हायला सहा महिने लागतात.

वाऱ्यापुढे वाकणाऱ्या गवताची उपमा आयकिडोला नेहमी दिली जाते, ती अर्धीच लागू पडते. उरलेले अर्धे ‘इरिमी’त आहे, म्हणजे आत शिरण्यात. डोक्यावर सरळ वार येत असताना मागे न हटता, वाराच्या रेषेपासून थोडे बाजूला होत, पुढे पाऊल टाकून हल्लेखोराच्या खांद्यामागच्या आंधळ्या जागेत जाऊन उभे राहायचे. गवत असे करत नाही. सौम्य स्वभावाच्या विद्यार्थ्यांना तेनकान लवकर येते आणि इरिमीत ते अडखळतात. आक्रमक स्वभावाच्यांचे उलट होते. आपण कुठे अडखळतो हे पाहिले तर आपल्याविषयी बरेच काही कळते, आणि सराव त्याच बाजूने वाढवावा.

सरावाची मनोवृत्ती

आयकिडोवर एक आक्षेप सतत घेतला जातो: जोडीदार सहकार्य करतो म्हणून डाव लागतो. तो आक्षेप पूर्ण खोटा नाही. स्पर्धा नसल्यामुळे उके सवयीने, काही घडण्याआधीच पडू लागतो, नागेला आपण फार पुढे गेलो असे वाटू लागते आणि दोघे मिळून एकमेकांची फसवणूक करतात. यावर उपाय उकेच्या हातात आहे. वार खरोखर जोडीदाराच्या कपाळाकडे यावा, वेग कमी असला तरी दिशा खरी असावी. पकड घट्ट असावी. आणि तोल गेला नसेल तर पडू नये. मात्र डाव आधीच ठाऊक आहे म्हणून तो अडवून धरणे हाही खोटेपणाच आहे, आणि पहिल्या वर्षी पुरुषांना, विशेषतः आधी दुसरी एखादी युद्धकला शिकून आलेल्यांना, या मोहातून सुटणे जड जाते.

‘निक्यो’सारखे मनगटाचे डाव शिकताना वेदना अचानक येते. ती येण्याच्या सीमेवर असतानाच हात आपटावा. सहनशक्ती दाखवण्याची ती जागा नाही. नागेनेही आपला वेग जोडीदाराच्या उकेमीच्या वेगाएवढाच ठेवावा. ज्याला जेवढे पडता येते तेवढेच त्याला टाकावे, हा नियम मोडणाऱ्या ज्येष्ठाबरोबर सराव करायचे नम्रपणे टाळावे.

पट्ट्यांकडे फार पाहू नये. अनेक डोजोंमध्ये प्रौढांना काळ्या पट्ट्यापर्यंत पांढराच असतो, आणि काळ्या पट्ट्याची पहिली पदवी ‘शोदान’, तिच्यातल्या ‘शो’चा अर्थच प्रारंभ असा आहे. आठवड्यातून दोन-तीन वर्ग केले तरी तिथपर्यंत पोहोचायला काही वर्षे जातात.

काय मिळते, काय मिळत नाही

सर्वात आधी पाठीचा ताठरपणा आणि कमरेखालचा जडपणा कमी होतो, कारण तासभरात माणूस पन्नास-साठ वेळा जमिनीवर जातो आणि उठतो. उभे राहण्याची ढब बदलते. ओल्या फरशीवर घसरताना शरीर आपोआप गोल होणे हा फायदा मला सगळ्या डावांपेक्षा मोलाचा वाटतो, आणि उतारवयाकडे झुकलेल्यांना तो अधिक वाटावा. पन्नाशीनंतरही सुरुवात करता येते. मात्र मानेच्या मणक्यांचा त्रास, चक्कर येणे किंवा हाडे ठिसूळ होणे असे काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच यावे आणि कोलांट्या वगळण्याविषयी शिक्षकांशी आधी बोलून घ्यावे.

मनाच्या बाजूने, कोणी अंगावर आले असताना श्वास चालू ठेवण्याची सवय लागते. अनोळखी माणसाच्या स्पर्शाचा संकोच जातो. स्वसंरक्षणासाठी म्हणून कोणी सहा महिन्यांचा कोर्स शोधत असेल तर मात्र त्याने दुसरीकडे पाहावे. आयकिडो त्या कामाला फार सावकाश उपयोगी पडते, आणि रस्त्यावरच्या मारामारीत सगळ्यात मोठा गुण पळून जाण्याचाच आहे.

घरी रोज दहा मिनिटे काढावीत. सतरंजीवर मागे झुलणे वीस वेळा, तेनकान भिंतीवरच्या एखाद्या खुणेला मनगट समजून दोन्ही बाजूंनी वीस वेळा, आणि वल्हे मारल्यासारखी ‘फुनाकोगी’ कसरत, ज्यात ढकलण्याचे काम हातांनी न करता कमरेने करायचे असते. पुढची कोलांटी घरी करू नये. टीपॉयचे कोपरे क्षमाशील नसतात. सुमारे १२८ सेंटीमीटरची काठी, म्हणजे ‘जो’, हाताशी असेल तर सरळ ठोसण्याचा सराव गच्चीवर करता येतो, शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन.

चार-पाच महिने झाले की एखाद्या दिवशी शिक्षक डाव दाखवण्यासाठी तुम्हाला पुढे बोलावतील. सगळा वर्ग पाहत असतो आणि छाती धडधडते. पटकन उठावे, वाकावे, सांगितलेला हल्ला सरळ आणि मनापासून करावा, डावाचा अंदाज बांधत थांबू नये, हनुवटी छातीला लावावी आणि श्वास सोडावा. उठल्यावर गीची बाजू आत खोचायला थांबू नका. शिक्षक पुढच्या हल्ल्याची वाट पाहत असतात.